खडूचे गोल

तंबूची भोकं शोधायची तर भर उन्हात आत जाऊन बसावं लागतं. जिथून उजेड डोळ्यात टोचतो, तिथे भोक. फुसाए आतून बोट टेकवायची आणि तिचा नवरा तोकुजी बाहेरून त्या बोटाभोवती खडूने गोल काढायचा. ठिगळं मग सावकाश लागायची.

"एकदा तरी चल की डोंगरावर," तो बाहेरून म्हणायचा. "भाताचे गोळे मी बांधतो."

"आणि दुकान कोण बघणार? तुमचा डोंगर?"

तोकुजी हिवाळ्यात गेला. आता तंबू पुतण्याला द्यायचा, म्हणून फुसाएने तो अंगणात उभा केला.

"अगं, एकटीने कसं जमायचं?" शेजारीण शिझूने कुंपणापलीकडून विचारलं.

"जमेल तसं," म्हणत फुसाए आत शिरली. सवयीने तिने भोकावर बोट टेकवलं.

बाहेर खडू करकरला. बोटाभोवती गोल फिरला.

"शिझू, तू आहेस का गं?"

"मी इथे मुळ्याचे काप वाळत घालतेय. का गं?" आवाज कुंपणापलीकडूनच आला.

फुसाएचे डोळे भरले. जिथे भोकच नव्हतं, तिथे तिने मुद्दाम बोट टेकवलं.

"यायला हवं होतं हो मी डोंगरावर," ती पुटपुटली.

खडू अर्ध्या गोलावरच थांबला. मग तंबूच्या दाराची चेन बाहेरून हळूहळू बंद होऊ लागली.