कुशीवर
समीक्षा शहाडच्या शाळेत रुजू होऊन महिनाच झालेला. गणिताच्या तासाला सातवीतली करिश्मा बाकावरून कोसळली आणि तिच्या अंगाला झटके येऊ लागले. मुलं किंचाळली. समीक्षाने बाकं सरकवली, ओढणीची घडी करिश्माच्या डोक्याखाली ठेवली आणि तिला अलगद कुशीवर वळवलं. आरडाओरडा ऐकून शेजारच्या वर्गातले केणे सर पायातली चप्पल हातात घेऊन धावत आले. "अगं, फिट आलीय, ही चप्पल हुंगव तिला, पटकन!" शाळेतल्या त्या ज्येष्ठ शिक्षकांपुढे तिने आजवर तोंड उघडलं नव्हतं. "नाही सर, काही हुंगवायचं नाही. तुम्ही मुलांना बाहेर न्या," ती म्हणाली. सरांनी चप्पल परत पायात घातली आणि ते मुलांना घेऊन गेले. हळूहळू झटके थांबले. करिश्माने डोळे उघडले. "टीचर, फळ्यावरचं गणित सुटलं?" समीक्षाच्या जिवात जीव आला. "नाही गं, तुझ्यासाठी थांबवलंय."