लाल चौकट

ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरला जोडायचं, आवाज स्वच्छ करणारं प्लग-इन उद्या बाजारात जाणार होतं; चुकीचा आकडा भरल्यावर दिसणारे इशारे तिने रचलेले. तान्ह्याला मांडीवर थोपटत, चाचणी करणाऱ्या अनुभवी ध्वनिमुद्रकाशी फोनवर बोलत ती त्याची स्क्रीन आपल्या संगणकावर पाहत होती. त्याने चाळीस भरले. मर्यादा वीसची, चौकट लाल झाली. त्याने पुन्हा चाळीस भरले. मग पुन्हा. “ताई, तुमचं हे ढिम्म हलत नाहीये.” ती चक्रावली. एवढा मुरलेला माणूस हट्टाला का पेटलाय? “दादा, चौकट लाल झालीय की!” “झाली असेल. मला दिसत नाही हो. संगणक वाचून दाखवतो, ते ऐकतो मी. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?” तिने आपल्या संगणकावर तीच वाचून दाखवायची सोय चालू केली, बाळाचं दुपटं स्क्रीनवर टाकलं आणि चाळीस भरले. “चाळीस,” संगणक म्हणाला आणि गप्प बसला. चुकलं काय, ते कुणीच सांगेना.