एक नंबर मोठा

तिसऱ्यांदा बर्फात आपटल्यावर हेमलता गुलमर्गच्या बूट भाड्याने देणाऱ्या दुकानात परत आली आणि बाकावर बसली ती बसलीच.

"तुझी टाच आत हलतेय, आई. एक नंबर लहान घे," लेक म्हणाली.

"घट्ट होईल गं."

"स्कीचा बूट घट्टच लागतो."

वाद घालण्याइतकंही त्राण हेमलतात उरलं नव्हतं. थोरल्या बहिणींच्या बुटांत कापूस कोंबून तिची शाळा सरली. पुढे स्वतःसाठी घेतानाही तिने एक नंबर मोठाच मागितला.

लेकीने लहान बूट चढवून चाप आवळले. टाच हलली नाही. बोटं टोकाला जेमतेम टेकली. हेमलता उभी राहिली आणि पुन्हा खाली बसली.

"टोचतोय का?"

"नाही गं. कापसाला जागाच नाही यात. जरा बसू दे मला."