तेलाचा काटा

डोळे मिटा, मुलांनो, आणि लातूरच्या करपलेल्या माळावर फवारणीचं एक छोटं विमान उभं करा. जिल्हा नवा झाला होता, पण दुष्काळात फवारायला पीकच नव्हतं. दुरुस्त केलेलं इंजिन सुरू झालं की विमान परमुलखात जाणार, सोबत मिस्त्री जाणार, आणि त्याची बिनआईची लेक, पंचफुला, तिच्या मावशीकडे राहणार. खोलून जुळवलेलं इंजिन कोरडंच सुरू केलं तर जळतं. म्हणून तिचा बा विमानाचा पंखा हातानं फिरवून आत तेल पोचवत होता आणि पंचफुला वैमानिकाशेजारच्या खुर्चीत तेलाचा काटा बघत होती. “हालला का गं?” “न्हाई, बा.” तेवढ्यात काटा चढला. गप्प राहिलं तर बा आजची रात्र थांबेल. तिनं काट्यावर तळहात ठेवला. बाहेर बा घामानं निथळत पंखा फिरवतच होता. “झोपलीस काय, पंचे?” “चढला, बा!” हात काढून ती ओरडली, आणि खाली उतरून तिनं त्याची पिशवी खुर्चीत ठेवली.