एका माणसाची गाडी

पट्टी हेल्मेटला अडली आणि तिरकी झाली. शर्यतीच्या ट्रॅकवरच्या तपासनीसानं ती उचलून पुन्हा ठेवली. एक टोक स्टिअरिंगपुढच्या लहान कमानीवर, दुसरं डोक्यामागच्या मोठ्या कमानीवर. चालकाचं डोकं पट्टीच्या खाली राहायला हवं. गाडी उलटलीच तर भार लोखंडानं घ्यायचा, मानेनं नाही. स्वतः बांधलेल्या गाडीत बसलेल्या वेल्डरचं डोकं तीन बोटं वर होतं.

त्यानं बुडाखालची गादी काढून शेजारी उभ्या बायकोच्या हातात दिली आणि नुसत्या पत्र्यावर बसला. तरी दोन बोटं उरलीच. मग तो खाली घसरला. डोकं पट्टीखाली गेलं खरं, पण समोरचा रस्ताही गेला. तपासनीस भला माणूस होता. असं झोपून चालवणार का, एवढंच त्यानं विचारलं. मागची कमान उंच करा, पुढच्या हंगामात या, म्हणाला. ट्रॅक आज संध्याकाळी बंद व्हायचा, तो आठ महिन्यांनी उघडायचा.

चार वर्षं त्यानं ही गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बांधली होती. दिवसा लोकांची फाटकं जोडायची, उरल्या वेळात ही. चार चाकं, एक सीट, आणि सीटच्या मागे त्याच्या जुन्या मोटारसायकलचं इंजिन. मोटारसायकलचा सांगाडा गंजून गेला होता, इंजिन मात्र ठणठणीत. बावीस वर्षं त्या इंजिनावर दोघं फिरली होती, तो पुढे, ती मागे. वळण आलं की ती त्याच्या डाव्या खांद्यावर तळहात दाबायची. म्हणजे हळू. तो काही जुमानायचा नाही. उलट मूठ जरा जास्तच पिळायचा, आणि घरी पोचल्यावर बोलणी खायचा.

शेजाऱ्यांना ही एका माणसाची गाडी म्हणजे रोजची करमणूक. बायकोवर रुसून जायची सोय केलीस का, असं एकानं विचारलं होतं. बायकोही कमी नव्हती. "एवढा खटाटोप," ती म्हणायची, "आणि मला टेकायला जागा नाही."

टेकत मात्र तीच होती. वेल्डिंग करणारा हात आणि गाडीत बसणारं बूड एकाच माणसाचं असून कसं चालेल? दोघांची उंची अगदी सारखी. लग्नातल्या फोटोत खांद्याला खांदा, कानाला कान. म्हणून तो म्हणाला, तू बस, मी जोडतो. शाळेची व्हॅन चालवून ती दुपारी घरी यायची, चपला काढायची आणि त्या लोखंडी पिंजऱ्यात जाऊन बसायची. तिच्या पावलाशी त्यानं पेडल लावलं. तिच्या हाताशी स्टिअरिंग आणलं. तिच्या डोक्यावर हेल्मेट चढवून त्याच्या वर चार बोटं सोडली आणि कमान वाकवली. तो मोजायचा, ती मोजून घ्यायची. त्याचा खडू तिच्या साडीला लागायचा, तिची बडबड त्याच्या कामाला. इंजिन बसल्यावर मागच्या मोकळ्या मैदानात गाडी फिरवायचीही तीच. तो बाजूनं धावत इंजिनाला कान लावायचा, थांब म्हणायचा, पुन्हा चल म्हणायचा.

स्वतः तो एकदाही बसला नव्हता. बसेन तर ट्रॅकवरच, असं त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं. नव्या कपड्याची घडी मोडू नये, तसं.

उभी राहिली की दोघं सारखी. पण तिची उंची पायांत होती आणि त्याची पाठीत. इतक्या वर्षांच्या संसारात हे कुणी बघितलं नव्हतं. जेवायला ती कधी त्याच्या शेजारी बसली नव्हती, नेहमी समोर.

तो गाडीतून उतरला. हेल्मेट काढून काखेत धरलं. बाजूनं कुणाची तरी गाडी भुर्रकन ट्रॅकवर गेली. त्यानं ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. बायकोनं गादी झटकली आणि सीटवर नीट ठेवली, जणू घरी पाहुणा यायचा आहे.

"पुढच्या वेळी येऊ," ती म्हणाली. "काप ती कमान. किती वेळ लागतो तुला?"

त्यानं मोठ्या कमानीवर हात ठेवला. जोड गुळगुळीत होता, बोटाला कळतही नव्हता. चार वर्षांत इतका सुरेख जोड त्याच्या हातून दुसरा झाला नव्हता.

"कापायचं काय?" तो म्हणाला. "माप चुकलेलं नाही. माप तुझं आहे. मैदानात घालतेस ते तुझं हेल्मेट व्हॅनमधून आण."

ती त्याच्याकडे बघत राहिली. थट्टा असती तर त्याच्या मिशीखाली कळली असती. ती गेली, हेल्मेट आणलं, पदर खोचायला हात कमरेशी नेला आणि आज सलवार घातल्याचं आठवून स्वतःशीच हसली. तपासनीसानं तिचं लायसन पाहिलं. ती पिंजऱ्यात उतरली. पट्टी दोन्ही कमानींवर सरळ पडली, आणि तिच्या हेल्मेटवर चार बोटं वारा खेळत राहिला.

पट्टे त्यानंच बांधले. कुठला किती ओढायचा ते हातांना पाठ होतं. काही सांगावं असं फार होतं, पण तोवर तिनं इंजिन चालू केलं.

गाडी निघाली. तो कठड्याशी जाऊन उभा राहिला. समोर लांबवर पहिलं वळण होतं, आणि ती सरळ त्यावर चालली होती. त्याचा तळहात आपोआप कठड्यावर दाबला गेला. हळू.

तिनं पेडल जरा जास्तच दाबलं.