कुलूपमाती

कार्बन मोजायला आलेल्या ईरण्णाने समाधीवर मीटर टेकवला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. गंगव्वा शेजारीच बसल्या होत्या.

हवा निवावी म्हणून अकरा वर्षांपूर्वी जमिनीत कुलूप-जिवाणू सोडले होते. ते कार्बनचा कणही बाहेर पडू देत नसत. हवा निवली खरी, पण तेव्हापासून पुरलेलं पानसुद्धा कुजेना. गंगव्वांचे मालक सहा वर्षांपूर्वी गेले, लिंगायत रीतीने मांडी घालून पुरलेले, ते अजून तसेच आत बसलेले. "आपण माती दिली, पण माती काही त्यांना घेईना," असं त्या येईल त्याला सांगायच्या.

शेवटी गेल्या महिन्यात त्यांनी लोणच्याच्या बरणीत जपलेली माहेरच्या बेलाखालची माती, कुजवणाऱ्या जुन्या जिवाणूंची, मूठभर या समाधीत कालवली होती.

"काकू, इथून कार्बन सुटतोय," ईरण्णा म्हणाला. "वर कळवावं लागेल."

गंगव्वांनी मातीवर तळहात ठेवला. "सुटतोय? म्हणजे आमचे हे सुटले रे!"

ईरण्णाने पलीकडे पाहिलं. दोन ओळी सोडून त्याच्या आईची समाधी होती. मग त्याने मीटर बंद केला.

"बरणीत अजून थोडी उरलीय का, काकू?"