जास्तीचा नायट्रोजन

“नायट्रोजन परत जास्तच आलाय, सर,” माती तपासणाऱ्या कारकुनाने कागद पुढे सरकवला. “या वाफ्याची माती आता तिसऱ्यांदा येतेय इथे.”

“तिसऱ्यांदा? मी पहिल्यांदाच आणतोय.”

कारकुनाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. “माझीच गल्लत झाली असेल.”

गल्लत कसली डोंबलाची! सर दातओठ खातच बाहेर पडले. म्हणजे त्यांच्या आधी दोनदा कुणीतरी त्यांच्या वाफ्यातली माती गुपचूप आणून तपासून गेलं होतं. केलेलं पाप किती मुरलंय ते बघायला, दुसरं काय? आणि हा कुणीतरी कोण, ते शोधायला फार लांब जायला नको होतं. भिंतीपलीकडचा सुतार.

सर्वांत जड भोपळ्याच्या स्पर्धेत सात वर्षं सुतार पहिला आणि सर दुसरे. रसायनशास्त्र शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या माणसाने रंधा मारणाऱ्याकडून सात वेळा हरावं, हे सरांच्या फार जिव्हारी लागलं होतं. यंदा मात्र त्यांनी कंबर कसली होती. वाफ्यात शेणखत, कुजवलेला पाला आणि वर मोजून तीन मुठी युरिया. एकदाच. रोपं रविवारी लावायची होती. तोवर माती ताळ्यावर आली नाही, तर कोवळी मुळं करपणार. करपली नाहीत, तर नुसता पाला माजणार आणि भोपळा काही धरायचा नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणावं, तर सरांना अठ्ठ्याहत्तरावं लागलेलं. त्यांना यंदाच जिंकायचं होतं.

घरी आल्या आल्या त्यांनी बागेतली अवजारांची खोली उघडली. युरियाचं पोतं निम्म्याच्या खाली गेलेलं! घ्या, म्हणजे पठ्ठ्या सरांचाच युरिया सरांच्याच वाफ्यात ओतत होता. कुलूप शाबूत होतं. किल्ली तर सरांच्या गळ्यात. पण सुताराला दुसरी किल्ली करून घ्यायला असा कितीसा वेळ लागतो?

“अहो, काय टाकलं, कधी टाकलं ते लिहून ठेवत जा ना,” बायको दारातून म्हणाली. तिने एक नवी वही आणून खिळ्याला टांगलीसुद्धा होती.

“चाळीस वर्षं हातात चिठ्ठी न घेता शिकवलंय मी. मला वही कसली देतेस?”

ती वही सरळ करून आत गेली. हल्ली ती फार गप्प असायची, आणि तेही सरांना खटकत होतं.

संध्याकाळी तर कहरच झाला. सर वाफ्याकडे निघाले तर भिंतीपाशी कुजबुज. अलीकडे बायको, पलीकडे सुतार.

“अजून किती दिवस, वहिनी?”

“रविवारपर्यंत तरी रेटू या. रोपं एकदा लागू देत.”

सरांची चप्पल वाजली तशी दोघं एकदम थांबली.

“काय म्हणत होता तो?”

“काही नाही हो. दोरी मागत होता.”

दोरी! सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पन्नास वर्षांचा संसार, आणि घरातलंच माणूस फितूर? त्यांना नीट जेवण गेलं नाही. बायकोने दोनदा विचारलं, तेव्हा पोट बरं नाही म्हणून त्यांनी वेळ मारून नेली.

उजाडता उजाडता ते उठले आणि अवजारांच्या खोलीत जाऊन दाराआड उभे राहिले. साडेसहाच्या सुमाराला बागेचं फाटक करकरलं. त्याची कडी आतून कुणीतरी आधीच काढून ठेवलेली होती. खांद्यावर पिशवी घेऊन सुतार आत आला आणि सरळ वाफ्याशी बसला. पिशवीत हात घालून काहीतरी मातीत कालवू लागला.

“सापडलास!” सरांनी मागून त्याची कॉलर धरली. “सात वर्षं पुरली नाहीत तुला?”

चोराने निदान दचकावं तरी! सुतार शांतपणे उठला आणि पिशवी उघडून दाखवली.

“लाकडाचा भुसा आहे, सर. जास्तीचा नायट्रोजन ओढून घेतो. तुम्हीच शिकवलंत मला.”

“मी? मी कशाला शिकवीन तुला? कधी शिकवलं?”

सुताराने पिशवी खाली ठेवून हात झटकले.

“आणि युरिया कोण टाकतं? तू नाहीस, तर मग टाकतं तरी कोण?”

स्वयंपाकघराचं दार उघडून बायको बाहेर आली. ट्रेमध्ये चहाचे तीन कप होते. तिने ट्रे कट्ट्यावर ठेवला, एक रिकामी बशी उचलली आणि सरांचा उजवा हात हातात घेतला. ती मूठ गच्च आवळलेली होती. तिने एकेक बोट हळूच सोडवलं. पांढरे दाणे बशीत पडले.

सर हाताकडे बघतच राहिले. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती त्यांची बोटं पदराने पुसत होती.

“आज लवकर पकडलं त्यांनी मला, वहिनी,” कप उचलत सुतार हलकेच म्हणाला. “काल सात वाजून गेले होते.”